मंडईच्या दारावरील शिल्पकार : जॉन लॉकवुड किपलिंग

आपल्या ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक स्मरणिकेत एखाद्या दिवंगत थोर पुरुषाचे चरित्र द्यावे असा प्रघात आहे. यंदा ते काम संपादक मंडळाने आमच्याकडे सोपविले, तेव्हा आम्ही एका इंग्रज गृहस्थाचे नाव सुचविले आणि त्यावर एकदोघा मित्रांनी नापसंती दर्शविली. ज्या सत्तेशी आपले वाडवडील झगडले, तिच्याच पगारी नोकराचे चरित्र आपण काय म्हणून वाचावे, हा त्यांचा प्रश्न रास्तच होता. त्यास आमचे उत्तर असे की, आपल्या ज्ञातीतील बहुतेक घरांत दोन-तीन पिढ्यांमागे टाकी, छिन्नी, रंधा आणि किकरे हीच पोटाची साधने होती. मुंबई शहरातील ज्या जुन्या इमारती पाहावयास आज देशोदेशीचे लोक येतात, त्यांच्यावरील कोरीव काम अशाच हातांनी झालेले आहे. ते हात ज्यांच्या नजरेखाली काही वर्षे राबले, त्यांची हकीकत कळल्याखेरीज त्या हातांचीही हकीकत नीट कळत नाही.

किपलिंग हे आडनाव कानी पडले म्हणजे वाचकांस आठवतो तो रुडयार्ड किपलिंग. मोगली आणि बघीरा यांच्या गोष्टी सांगणारा, १९०७ साली नोबेल पारितोषिक मिळविणारा, आणि साम्राज्याची थोरवी गाताना हिंदी माणसाचे मन दुखविणारा. आम्हास सांगावयाचे आहे ते त्याच्या वडिलांविषयी. मुलाच्या कीर्तीमुळे बाप झाकला जावा, असे क्वचितच इतक्या पूर्णपणे घडले असेल.

जॉन लॉकवुड किपलिंग यांचा जन्म ६ जुलै १८३७ रोजी इंग्लंडातील यॉर्कशायर परगण्यात, पिकरिंग या गावी झाला. वडील जोसेफ किपलिंग हे मेथडिस्ट पंथाचे धर्मोपदेशक. घरी शिस्त कडक आणि पैसा बेताचा. १८५१ साली लंडनला जे जंगी प्रदर्शन भरले होते, ते पाहण्याचा योग या मुलास चौदाव्या वर्षी आला. त्या प्रदर्शनात हिंदुस्थानचा विभाग होता आणि तेथील विणकाम, धातुकाम व कोरीव काम पाहून विलायतेतील जाणते लोक विचारात पडले होते. कारण यंत्रावर काढलेला त्यांच्या देशाचा माल या हातकामापुढे अगदीच ओबडधोबड दिसत होता. कारागिरीची ओढ किपलिंग यांस येथेच लागली. पुढे त्यांनी बर्स्लेम या कुंभारकामाच्या गावी एका कारखान्यात मातीचे नमुने घडविण्याचे काम केले, जवळच्या कलाशाळेत शिक्षण घेतले, आणि नंतर लंडनला साउथ केन्सिंग्टन येथील संग्रहालयाच्या सजावटीच्या कामात गॉडफ्रे साइक्स या कलावंताच्या हाताखाली ते रुजू झाले. म्हणजे ते दरबारी पुतळे घडविणारे शिल्पकार कधीच नव्हते. इमारतीस शोभा आणणारे नक्षीकाम, वेलबुट्टी, उठावाची चित्रे हा त्यांचा प्रांत. आपल्याकडील भाषेत बोलावयाचे तर ते मूर्तिकारापेक्षा कारागिराच्या अधिक जवळचे होते.

१८६३ साली स्टॅफर्डशायरमधील रुडयार्ड नावाच्या तलावाकाठी त्यांची आणि ॲलिस मॅकडोनल्ड या तरुणीची गाठ पडली. १८ मार्च १८६५ रोजी त्यांचा विवाह झाला आणि लगोलग उभयता मुंबईस निघाली. ॲलिसबाईंच्या दोन बहिणी एडवर्ड बर्न-जोन्स व एडवर्ड पॉइंटर या नामांकित चित्रकारांस दिलेल्या होत्या. दोघे साडू विलायतेत नाव मिळवीत असता हा तिसरा मात्र सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेतील अध्यापकाची जागा पत्करून समुद्रापार आला.

मे १८६५ मध्ये ते मुंबईस उतरले, ती वेळ मोठी विलक्षण होती. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसास सोन्याचा भाव आला होता. युद्ध संपताच तो भाव कोसळला आणि जुलै महिन्यात पेढ्या व कंपन्या धडाधड बुडू लागल्या. परंतु गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनी किल्ल्याचे तट पाडून नव्या मुंबईचे जे बेत आखले होते, ते बुडाले नाहीत. रुंद रस्ते, कचेऱ्या, न्यायालय, विद्यापीठ, मंडई अशा इमारती पुढील पंधरा-वीस वर्षांत उभ्या राहावयाच्या होत्या. त्या गॉथिक धाटणीच्या असल्याने कोरीव कामाशिवाय अपुऱ्या दिसणाऱ्या. विलायतेहून एवढे पाथरवट आणणे परवडणारे नव्हते. तेव्हा येथल्याच मुलांस शिकवून तयार करणे सरकारास भाग होते. कलाशाळेत या सुमारास तीन कार्यशाळा निघाल्या. सजावटी चित्रकाम जॉन ग्रिफिथ्स यांच्याकडे, लोखंडी जाळीकाम हिगिन्स यांच्याकडे आणि वास्तुशिल्प किपलिंग यांच्याकडे आले. सरकारचा हेतू कलावंत घडविण्याचा नव्हता, स्वस्तात चांगले कारागीर मिळविण्याचा होता, हे येथे स्पष्ट सांगून टाकलेले बरे.

ही शाळा सर जमशेटजींच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ साली सुरू झाली होती. विल्यम बर्जेस या विख्यात वास्तुशास्त्रज्ञाने तिच्यासाठी विलायतेत बसून एक प्रचंड आराखडा केला, पण तो खर्चास झेपेना, म्हणून कागदावरच राहिला. तेव्हा किपलिंग यांनी मुंबईतील दहा वर्षे शिकविले ते मैदानावरील तात्पुरत्या पडव्यांतून. आज क्रॉफर्ड मार्केटच्या समोर जी देखणी इमारत दिसते ती १८७८ सालची. किपलिंग मुंबई सोडून गेल्यानंतरची. तिच्या आवारातील डीनचा बंगला रुडयार्डचे जन्मस्थान म्हणून दाखविला जातो, पण तोही मूळचा नव्हे. जन्म झाला ते घर तेथेच होते, पण ते पाडून त्या जागी हा नवा बंगला उभा राहिला. तेथे पुढे मुलाचा अर्धपुतळा बसविला गेला. ज्यांनी त्या आवारात दहा वर्षे हाताला माती लावली, त्या बापाचा नाही. आम्ही स्वतः सारा जन्म शाळेत घालविल्यामुळे आम्हास याचे फारसे नवल वाटले नाही.

किपलिंग यांची शिकविण्याची रीत कशी होती, ते त्या काळचे काम पाहून समजते. विलायतेतून आणलेल्या ग्रीक पुतळ्यांच्या प्लास्टरी प्रतिकृती समोर ठेवून त्यांवरून चित्रे काढावयाची, ही तेव्हाच्या कलाशाळांची चाकोरी. किपलिंग यांनी मुलांची नजर तेथून काढून दाराबाहेरील झाडांच्या पानांकडे, पक्ष्यांकडे, बैलांकडे आणि रस्त्याने जाणाऱ्या माणसांकडे वळविली. गॉथिक इमारतीच्या खांबाचा माथा पानाफुलांनी मढवावयाचा, हा नियम युरोपाचा. पण ती पानेफुले युरोपाचीच असावीत असा काही नियम नाही, एवढी साधी गोष्ट त्यांनी ओळखली होती. प्रथम चिकण मातीत नमुना करावयाचा, त्यावरून प्लास्टरचा साचा व प्रतिकृती काढावयाची, आणि मग मापे घेत घेत पाथरवटाने ती कुर्ल्याच्या किंवा पोरबंदरच्या दगडात उतरवावयाची, अशी कामाची परंपरा होती. यांत मातीपर्यंतचे काम गुरूचे असेल किंवा शिष्याचे. पण दगडावर अखेरचा घाव पडला तो येथल्याच माणसाच्या हातचा.

गेल्या हिवाळ्यात आम्ही या कामांपैकी जे मुंबईत उरले आहे ते पुन्हा एकदा पायी हिंडून पाहिले. नोकरीत असता शाळेच्या सहली घेऊन आम्ही अनेकदा तेथे गेलो होतो. पण पन्नास मुले मोजण्याच्या धांदलीत वर मान करून पाहण्यास सवड कोठली! ज्या ज्ञातिबांधवांस हे पाहावयाचे असेल त्यांनी सकाळी लवकर निघावे आणि आरंभ मंडईपासून करावा.

ही मंडई म्हणजे जुने क्रॉफर्ड मार्केट. मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांनी ते बांधविले. इमारत १८६९ साली पुरी झाली. (याच क्रॉफर्डसाहेबांवर पुढे १८८८ साली लाचलुचपतीचे प्रकरण उभे राहिले आणि लोकमान्य टिळकांनी त्यात मामलेदारांची बाजू घेतली, हे वाचकांस ठाऊक असेलच.) आराखडा विल्यम एमर्सन यांचा. बर्जेससाहेबांचे कागद घेऊन मुंबईस आलेला हा तरुण, ते काम फसल्यावर येथेच राहिला, आणि कोलकात्याची व्हिक्टोरिया मेमोरियल ही इमारतही पुढे त्याच्याच हातची झाली. मंडईच्या मुख्य प्रवेशद्वारांच्या कमानींवर जे उठावाचे शिल्प आहे ते किपलिंग यांचे. त्यात राजा नाही, राणी नाही, ग्रीक देवता नाहीत. आहेत ती शेतात राबणारी साधी हिंदी माणसे. ज्यांच्या घामावर मंडई भरते त्यांनाच मंडईच्या दारावर बसवावे, हे सुचावयास अठराशे साठच्या सुमारासच्या मुंबईत वेगळे डोळे हवे होते. माणसांची ठेवण इकडची आहे, अंगावरील वस्त्रांच्या चुण्याही इकडच्याच आहेत; साहेबाने मनाने रचलेला हिंदू तो नव्हे.

आम्ही दाराशी उभे राहून हे न्याहाळीत असता शेजारच्या फळवाल्याने आमचे काही हरवले काय, म्हणून चौकशी केली. वर बोट दाखविताच तो हातगाडीच्या कडेला येऊन बराच वेळ पाहत राहिला. चाळीस वर्षे त्या दारातून जात-येत असून वर कोणी माणसे आहेत हे त्यास त्या दिवशी कळले. मग त्याने दुसऱ्या दोघांना हाक मारली. आम्ही निघालो तेव्हा त्या तिघांत बायकांच्या लुगड्यावरून वाद सुरू झाला होता.

मंडईच्या आत एक कारंजे आहे. ते सर कावसजी जहांगीर यांनी दिलेले. आराखडा एमर्सन यांचा आणि शिल्पकाम किपलिंग यांचे. आपल्या नद्यांच्या देवता, पशू आणि पक्षी यांनी ते भरलेले आहे. पाण्याच्या जागी नद्यांची मूर्तरूपे असावीत ही कल्पना आपल्या देवळांच्या दारावरील गंगा-यमुनांस जवळची आहे. गर्दी, टोपल्या आणि माल यांच्या मधून ते पाहावे लागते आणि त्यावर रंगांचे थर चढविणाऱ्यांनी त्याचे बरेच नुकसान केलेले आहे. तरीही जवळ जाऊन पाहिल्यास मूळ हात ओळखू येतो.

भारत स्वतंत्र झाल्यावर या मंडईस महात्मा ज्योतिबा फुले यांचे नाव देण्यात आले. शेतकऱ्याच्या दैन्यावर ज्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, त्यांचे नाव, दारावर शेतकरी असलेल्या इमारतीस मिळाले. नाव देणाऱ्यांनी वर पाहिले होते की नाही कोण जाणे, पण योग चांगला जुळला.

मंडईपासून दक्षिणेस थोडे चालले की छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. तेथील मोर, माकडे, पाने, मुखवटे ही सारी किपलिंगांची करणी, असे पुष्कळ ठिकाणी छापलेले आढळते. आम्हास ते मान्य नाही. ते स्टेशन बांधण्यास आरंभ झाला १८७८ साली आणि काम पुरे झाले १८८८ मध्ये. किपलिंग यांनी १८७५ सालीच मुंबई सोडली होती. तेथील कोरीव काम जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी केले. तथापि ही चूक सर्वस्वी चूकच आहे असेही नव्हे. कारण इमारतीच्या अंगावर इकडची पाने व इकडचे प्राणी उमटविण्याची जी सवय त्या शाळेस लागली, ती किपलिंग यांच्या वेळेपासूनची. गुरू बदलला, गिरविणे चालू राहिले.

पुढे विद्यापीठाचा राजाबाई मनोरा. हे किपलिंगांचे काम नव्हे, तरी आपल्या वाचकांनी तेथवर जावेच अशी आमची आग्रहाची विनंती आहे. प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून, सर गिल्बर्ट स्कॉट यांच्या आराखड्याप्रमाणे, १८६९ ते १८७८ या काळात उभारलेल्या या २८० फुटी मनोऱ्यावर पश्चिम हिंदुस्थानातील निरनिराळ्या जातिजमातींचे चोवीस पुतळे आहेत. त्यांचे नमुने घडविले ते बांधकामावरील साहाय्यक इंजिनियर रावबहादुर मुकुंद रामचंद्र यांनी. या एका ठिकाणी तरी घडविणाऱ्या हिंदी माणसाचे नाव आपणास ठाऊक आहे. मंडईच्या दारावरील शिल्पास किपलिंगांचे नाव चिकटले, आणि ज्या पाथरवटांनी तो दगड प्रत्यक्ष फोडला, तासला व गुळगुळीत केला त्यांची नावे कोणी दगडावरही लिहिली नाहीत. आमचे या सगळ्या लिखाणातील दुःख हेच आहे. किपलिंग यांस आम्ही त्याचा दोष देत नाही. त्यांनी स्वतः कारागिराची किंमत जाणली होती. पण मुंबईत त्यांनी शिष्यांस नावाने पुढे आणल्याचे दिसत नाही. ते त्यांनी पुढे लाहोरास केले, आणि ती हकीकत यथाक्रम येईलच.

याच पायी फेरीत जमल्यास भायखळ्याच्या राणीच्या बागेतही जाऊन यावे. राणी व्हिक्टोरियाचा संगमरवरी पुतळा मॅथ्यू नोबल या मोठ्या शिल्पकाराने घडविला आणि बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांच्या देणगीतून तो १८७२ साली मुंबईत उभा राहिला. १८९६ साली चापेकर बंधूंनी त्याच पुतळ्यास डांबर फासले होते. बोहेम या शिल्पकाराने केलेला, ‘काळा घोडा’ म्हणून प्रसिद्ध असलेला राजपुत्राचा पुतळा १८७९ सालचा. १९६५ साली हे परकीय पुतळे चौकांतून उचलण्यात आले. काळा घोडा राणीच्या बागेत गेला, आणि त्याच्या जुन्या चौकात २०१७ साली एक नवा घोडा आला, पण त्यावर स्वार नाही. राजेराण्यांचे पुतळे घडविणाऱ्यांची कामे अशी जागेवरून हलली. मंडईच्या दारावरचे शेतकरी मात्र दीडशे वर्षे झाली तरी होते तेथेच आहेत. त्यांना काढा म्हणावयास कोणी आले नाही.

असो. मुंबईत किपलिंग यांचा संसार कसा चालला होता तेही थोडक्यात सांगितले पाहिजे. ३० डिसेंबर १८६५ रोजी कलाशाळेच्या आवारातच मुलाचा जन्म झाला, आणि आईबापांची जेथे गाठ पडली त्या तलावाचे नाव त्यास ठेवण्यात आले. मुलास सांभाळावयास गोव्याकडील ख्रिस्ती आया आणि मीता नावाचा हिंदू गडी होता. मूल आधी त्यांची बोली शिकले आणि आईवडिलांसमोर गेल्यावर इंग्रजी बोल म्हणून त्यास आठवण द्यावी लागे. याच मुलाने उतारवयात आत्मचरित्र लिहिताना आपली सर्वांत पहिली आठवण म्हणून पहाटेच्या उजेडातील मुंबईच्या फळबाजाराचे रंग सांगितले आहेत. बापाच्या कार्यशाळेत शिरून मातीचे गोळे फेकण्याचा उद्योगही तो करीत असे. कन्या ट्रिक्स हिचा जन्म १८६८ साली विलायतेत झाला. तिसरे अपत्य १८७० साली मुंबईत जन्मले ते जगले नाही.

त्या काळी येथील इंग्रज कुटुंबांत मुले लहानपणीच विलायतेस पाठवीत. एक कारण येथली हवा, आणि दुसरे, त्यांच्या मते, येथल्या नोकरचाकरांचा लळा. १८७१ साली किपलिंग दांपत्याने पाच वर्षांचा मुलगा आणि तीन वर्षांची मुलगी साउथसी येथे एका अनोळखी बाईच्या घरी पैसे भरून ठेवली, आणि निरोपाचा एक शब्दही न सांगता ती दोघे मुंबईस परतली. त्या घरी मुलाचे फार हाल झाले. पाच-सहा वर्षे त्यास आईबापांचे दर्शन नव्हते. परक्यांच्या मुलांस मायेने शिकविणाऱ्या या अध्यापकाने आपल्या मुलांची अशी व्यवस्था कशी लावली, हे आमच्यासारख्यास उलगडत नाही. रिवाज होता, एवढेच म्हणता येते. आणि रिवाज म्हटले म्हणजे आपल्यातही काय काय चालले हे आठवून आम्ही गप्प बसतो.

१८७० ते १८७२ या काळात सरकारने त्यांस उत्तरेकडील कारागिरांची चित्रे काढण्यासाठी दौऱ्यावर पाठविले. लाकूड कोरणारे, कापूस पिंजणारे, विणकर, धातूचे काम करणारे अशी कामात गढलेली माणसे त्यांनी चितारली. ती चित्रे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात जपलेली आहेत. त्यांत कारागीर कसा बसतो, पायाच्या बोटांनी लाकूड कसे धरतो, हत्यारे कोणत्या हाताशी मांडतो, हे सारे टिपलेले आहे. आपल्या ज्ञातीतील ज्या तरुणांनी आजोबांस काम करताना पाहिले नाही, त्यांनी ही चित्रे मिळवून अवश्य पाहावीत. कारागिराकडे कुतूहलाची वस्तू म्हणून पाहणारे साहेब पुष्कळ होते. त्याच्या कामाची पद्धत शिकून घेण्याच्या दृष्टीने पाहणारे थोडे.

१८७५ साली त्यांची नेमणूक लाहोर येथे नव्याने निघालेल्या मेयो कलाशाळेचे पहिले प्राचार्य आणि तेथील संग्रहालयाचे प्रमुख म्हणून झाली. पुढील अठरा वर्षे त्यांनी तेथेच काढली. पंजाबातील सुतारकाम, विटकाम, जाळीकाम यांच्या जुन्या परंपरा पाहून त्यांनी असे ठरविले की, शाळेने विलायती नमुने शिकविण्याऐवजी येथलीच रीत पक्की करावी. सुतार आणि लोहार यांची मुले हाती धरावीत यावर त्यांचा कटाक्ष होता.

पण त्यांच्या चरित्रातील एक गोष्ट झाकून ठेवणे आम्हास योग्य वाटत नाही. १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीस मोठा दरबार भरला आणि राणी व्हिक्टोरिया हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचे जाहीर करण्यात आले. संस्थानिकांस देण्यासाठी रेशमी निशाणे करण्यात आली. सुमारे सत्तर निशाणांची चित्रयोजना किपलिंग यांची होती, आणि भरतकामात ॲलिसबाईंचाही हात होता. त्याच महिन्यांत आपल्या दख्खनेत भीषण दुष्काळ पडलेला होता. सोलापूर, नगर, सातारा, पुणे या भागांतील शेतकरी गुरेढोरे सोडून अन्नासाठी वाट फुटेल तिकडे जात होते. म्हणजे ज्या कुणब्यांची रूपे या गृहस्थांनी मंडईच्या दारावर ममतेने घडविली, ते उपाशी मरत असता ते दिल्लीच्या निशाणांसाठी सिंह आणि सूर्य रेखाटीत होते. ते सरकारी नोकर होते व सांगितलेले काम त्यांनी केले. तरीही दोन्ही कामे एकाच हातची, हे आमच्या मनातून जात नाही.

लाहोरातील त्यांची खरी मिळकत म्हणजे भाई रामसिंग. रामगढिया सुतार घराण्यातील हा मुलगा मेयो शाळेत आला, तो गुरूच्या तालमीत असा तयार झाला की पुढे लाहोर संग्रहालयाच्या नव्या इमारतीच्या आराखड्यावर गुरुशिष्य दोघांचेही नाव लागले. राणीच्या ऑसबॉर्न येथील वाड्यात हिंदी पद्धतीचे दालन करावयाचे ठरले, तेव्हा किपलिंग यांनी योजना केली आणि काम करण्यास रामसिंग यांस विलायतेस धाडले. राणीने आपल्या चित्रकाराकडून रामसिंग यांचे चित्र काढवून घेतले, ते त्याच वाड्यात लावलेले आहे. अमृतसरच्या खालसा कॉलेजची भव्य इमारत रामसिंग यांचीच. आणि १९१० साली ते, सुताराचा मुलगा, त्याच मेयो शाळेचे प्राचार्य झाले. मुंबईच्या पाथरवटांच्या नशिबी जे आले नाही ते लाहोरच्या एका सुताराच्या नशिबी आले. एकाने नाव मिळविल्याने शेकडोंचे नाव बुडाले ते भरून येत नाही, पण गुरूच्या मनात ते होते याची ही साक्ष आहे.

मुंबईच्या शाळेनेही पुढे आपले पांग फेडले. किपलिंग गेल्यावर वीस वर्षांनी, तेथील विशीच्या आसपासचा विद्यार्थी गणपतराव काशिनाथ म्हात्रे याने ‘मंदिरपथगामिनी’ ही नऊवारी नेसलेल्या, देवळाकडे निघालेल्या तरुणीची मूर्ती प्लास्टरमध्ये घडविली. १८९६ साली बॉम्बे आर्ट सोसायटीचे रौप्यपदक तीस मिळाले आणि रवींद्रनाथ ठाकुरांनी तीवर कौतुकाचा लेख लिहिला. म्हात्रे यांस किपलिंगांनी शिकविले नव्हते. परंतु कारागीर तयार करण्याकरिता काढलेल्या शाळेतून अखेर कलावंत बाहेर पडला, आणि त्याने घडविली तीही रस्त्याने जाणारी आपल्याकडचीच बाई, हे आम्हास लक्षात ठेवण्याजोगे वाटते.

लाहोरात असताना किपलिंग यांनी हिंदी कलांविषयी एक नियतकालिक चालविले, आणि १८९१ साली ‘बीस्ट अँड मॅन इन इंडिया’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. बैल, गाय, हत्ती, माकड, पोपट यांच्याशी आपल्या लोकांचे कसे नाते असते, याचे त्यात त्यांनीच काढलेल्या चित्रांसह वर्णन आहे. काही ठिकाणी साहेबी तोरा दिसतो. पण बैलगाडीच्या जोखडाची बांधणी सुताराच्याच डोळ्याने पाहिलेली आहे. थोरला मुलगा १८८२ साली सतराव्या वर्षी लाहोरास वर्तमानपत्रात नोकरीस आला आणि काही वर्षे सर्व कुटुंब एका छपराखाली राहिले. ‘किम’ या त्याच्या कादंबरीत लाहोरच्या संग्रहालयातील जो सौजन्यशील वृद्ध अधिकारी येतो तो म्हणजे हे वडीलच.

१८९३ साली निवृत्त होऊन किपलिंग विलायतेस गेले आणि विल्टशायरमधील टिसबरी गावी राहू लागले. पेन्शनीत स्वस्थ बसण्याचा त्यांचा पिंड नव्हता. १९०१ साली ‘किम’ प्रसिद्ध व्हावयाची होती, तेव्हा तिच्यासाठी त्यांनी चित्रे काढण्याऐवजी मातीत उठावाची फलके घडविली आणि त्यांची छायाचित्रे पुस्तकात घातली. लामा, किम आणि रस्त्यावरील नाना तऱ्हेची माणसे त्यांत आहेत. वय तेव्हा चौसष्टाच्या घरात. हिंदुस्थान सोडून आठ वर्षे झालेली. समोर नमुन्यास बसावयास कोणी नाही. तरी पागोट्याचे पेच आणि मांडी घालून बसण्याची ढब चुकलेली नाही.

नोव्हेंबर १९१० मध्ये ॲलिसबाई वारल्या. त्यानंतर जेमतेम दोन महिन्यांनी, २६ जानेवारी १९११ रोजी, लॉकवुड किपलिंग यांचे देहावसान झाले. टिसबरीच्या चर्चच्या आवारात पत्नीशेजारी त्यांचे दफन करण्यात आले.